‘मॉन्स्टर्स’ (२०१०): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅरेथ एडवर्ड्स या ब्रिटिश दिग्दर्शकाचा हा पहिला मोठ्या पडद्यावरचा सिनेमा. दोन नट, एका व्हॅनमध्ये मावेल एवढं युनिट आणि घरच्या खोलीत बसून केलेले महाकाय प्राणी, एवढ्या भांडवलावर तो उभा राहिला. मी हा सिनेमा ज्यांना ज्यांना पाहायला लावला, त्यांचे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शेवट उघड करणारे प्रश्न सगळ्यात खाली ठेवलेत आणि तिथे तशी सूचना दिली आहे.

गोष्ट थोडक्यात सांगाल का?

सूर्यमालेत दुसरीकडे जीव असण्याची शक्यता आहे, असं नासाला आढळतं. नमुने आणायला यान जातं. परत येताना ते मध्य अमेरिकेवर आकाशातच तुटतं आणि काही काळातच तिथे अनोळखी जीव दिसू लागतात. अर्धा मेक्सिको ‘संक्रमित क्षेत्र’ म्हणून बंद केला जातो. हे सगळं पडद्यावर मोजक्या ओळींत वाचायला मिळतं. सिनेमा सुरू होतो तो त्यानंतर सहा वर्षांनी.

अँड्र्यू कोल्डर हा अमेरिकी वृत्तछायाचित्रकार प्राण्यांचे आणि विध्वंसाचे फोटो काढत मध्य अमेरिकेत फिरतो आहे. त्याच्या मालकाची मुलगी सॅम तिथे अडकली आहे. तिला किनाऱ्यापर्यंत सोड, बोटीत बसव, एवढंच काम त्याच्यावर येतं. पण पुढे रूळ उखडलेले असल्याने आगगाडी मागे फिरते, मग पासपोर्ट चोरीला जातात, बोट हुकते. प्राण्यांच्या स्थलांतराचा हंगाम तोंडावर आलेला. अमेरिकेत पोचायला एकच वाट उरते, ती संक्रमित क्षेत्रातून जाते.

दोघांना नीटशी ओळखही नाही. कोल्डरचं काम स्कूट मॅकनेरीने केलं आहे, सॅमचं व्हिटनी एबलने. त्या वेळी ते दोघं प्रत्यक्षातही जोडीदार होते. पडद्यावरचं अवघडलेपण आणि नंतरची जवळीक दोन्ही इतकी सहज दिसते, त्यात याचा वाटा असणारच.

हा क्रीचर फिल्म, म्हणजे राक्षसी प्राण्यांचा सिनेमा, म्हणायचा का? प्राणी तर फारसे दिसतच नाहीत!

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि तक्रारीच्या सुरात विचारला जातो. माझं उत्तर ठाम ‘हो’ आहे.

नेहमीच्या प्राणिपटात पहिला हल्ला, पळापळ, सैन्य, शेवटची लढाई असा क्रम असतो. एडवर्ड्सला कल्पना सुचली ती एका अगदी साध्या दृश्यावरून. काही मच्छीमार जाळं ओढत होते, ते जड झालं होतं, आणि त्याच्या मनात आलं की या जाळ्यात एखादा राक्षसी प्राणी असेल तर? आणि तो प्राणी पाहून कुणालाच नवल वाटत नसेल तर? तिथून त्याने ठरवलं की इतर प्राणिपट जिथे संपतात त्याच्याही पुढे काही वर्षांनी आपली गोष्ट सुरू करायची. लोक किंचाळत पळत नाहीत. बाजार भरतो, मुलं शाळेत जातात, टीव्हीवर हल्ल्याची बातमी चालू असते आणि तिच्यासमोर कुणीतरी शांतपणे जेवत असतं.

म्हणून प्राणी प्रत्यक्ष कमी दिसत असले तरी त्यांचं अस्तित्व प्रत्येक फ्रेममध्ये आहे. रस्त्याकडेच्या फलकांवर आहे, भिंतींवरच्या रंगवलेल्या चित्रांत आहे, ढासळलेल्या इमारतींत आहे, मुलांना गॅस मास्क कसा लावायचा हे शिकवणाऱ्या टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये आहे. धोका नेहमीचा झाला की तो असा घरातल्या वस्तूंमध्ये जाऊन बसतो. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबटे आहेत म्हणून तिथली गावं उठून गेलेली नाहीत. अंधार पडल्यावर काय करायचं आणि काय टाळायचं, हे तिथल्या पोरांनाही माहीत असतं. या सिनेमातले मेक्सिकन लोक तसेच जगतात. जायला दुसरी जागा नाही, कामधंदा इथेच आहे, आणि प्राण्यांच्या सवयी आता त्यांना कळल्या आहेत.

जगून राहण्याची गोष्ट म्हणून मला हा सिनेमा मोलाचा वाटतो तो यासाठीच. कोल्डर आणि सॅम कुणाला मारून सुटत नाहीत. तिकीट मिळवणं, पैसे पुरवणं, कुणाच्या घरी रात्र काढणं, अनोळखी माणसावर किती विश्वास टाकायचा ते ठरवणं, यातून ते पुढे सरकतात. सॅम वाटखर्चासाठी साखरपुड्याची अंगठी देऊन टाकते, तो प्रसंग कुठल्याही हल्ल्यापेक्षा जास्त काही सांगून जातो.

हा सिनेमा फक्त १५ हजार डॉलरमध्ये झाला, हे खरं आहे का?

नाही. ही अफवा सिनेमा महोत्सवांत फिरायला लागल्यापासून पसरली आणि अजून जिवंत आहे. सुमारे १५ हजार डॉलर हा आकडा कॅमेरा वगैरे साधनसामग्रीचा होता. प्रवास, राहणं, मानधन, संकलन, ध्वनी, संगीत हे सगळं धरून एकूण खर्च पाच लाख डॉलरच्या आत राहिला. निर्मिती ‘व्हर्टिगो फिल्म्स’ या ब्रिटिश कंपनीची.

पाच लाख डॉलर ही आपल्या खिशाला लहान रक्कम नव्हे. पण याच एडवर्ड्सचा पुढचा सिनेमा होता २०१४ चा ‘गॉडझिला’, आणि त्याचं बजेट सुमारे १६ कोटी डॉलर होतं. दोन्हींमध्ये महाकाय प्राणी आहेत, दोन्हींचा दिग्दर्शक एकच. ‘कमी बजेट’ म्हणजे किती कमी, ते या दोन आकड्यांत कळतं.

शूटिंग कुठे आणि कसं झालं?

मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ, कोस्टा रिका आणि अमेरिकेतलं टेक्सस. स्टुडिओत सेट बांधलेला नाही. व्हॅनमध्ये दोन नट, एडवर्ड्स, ध्वनिमुद्रण करणारा, निर्मितीची व्यवस्था पाहणारा, स्थानिक ओळखीपाळखी असलेला एक माणूस आणि ड्रायव्हर असायचे. कॅमेरा एडवर्ड्सच्याच हातात. लेखन, छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि व्हिज्युअल इफेक्ट्स या सगळ्यांपुढे श्रेयनामावलीत त्याचंच नाव आहे.

कॅमेरा होता सोनीचा ईएक्स३. हा काही सिनेमाचा कॅमेरा नव्हता. बातम्या, माहितीपट यांसाठी वापरला जाणारा व्हिडिओ कॅमेरा होता. त्याला अ‍ॅडॅप्टर लावून निकॉनच्या, म्हणजे फोटोग्राफीच्या, लेन्स बसवल्या होत्या. चेहरा स्पष्ट आणि मागचं धूसर, असा सिनेमासारखा पोत त्यामुळे मिळाला. कॅमेरा लहान असल्याचा दुसरा फायदा असा की आजूबाजूचे लोक बिचकत नाहीत.

आणि हे आजूबाजूचे लोक हाच सिनेमाचा खरा ठेवा आहे. दोन मुख्य नट सोडले तर पडद्यावर दिसणारी माणसं बहुतेक त्या त्या ठिकाणी त्या वेळी हजर असलेलीच आहेत. त्यांना तिथल्या तिथे विचारून सिनेमात घेतलं गेलं. अनेक जागांसाठी आधी रीतसर परवानगीही घेतलेली नव्हती. एखादं घर, बसथांबा, धक्का दिसला, आवडला, की गाडी थांबवायची आणि प्रसंग चित्रित करायचा.

टेक्ससमधली उद्ध्वस्त घरं हाही सेट नव्हे. सप्टेंबर २००८ मध्ये ‘आइक’ चक्रीवादळाने गॅल्व्हस्टन भागाची दैना केली होती. ती पडझड जशीच्या तशी सिनेमात आली आहे. हे कळल्यावर ते प्रसंग पाहताना आपण थोडे वेगळे होतो, कारण ती घरं कुणाची तरी खरी होती.

पटकथा लिहिलेलीच नव्हती का?

गोष्टीचा आराखडा पक्का होता, संवाद लिहिलेले नव्हते. प्रत्येक प्रसंगासाठी एखादा परिच्छेद असायचा, त्यात काय काय घडलं पाहिजे तेवढं नोंदलेलं. ते कसं घडवायचं, कोणत्या शब्दांत बोलायचं, हे नटांवर सोडलं होतं. समोरचा माणूस नट नसेल तर त्याला पाठ केलेली वाक्यं देऊन उपयोग नसतो. तो कॅमेऱ्याकडे बघतो, अडखळतो, खोटा वाटतो. त्याऐवजी त्याला खऱ्यासारखा प्रश्न विचारला की तो खरं उत्तर देतो, आणि मॅकनेरी-एबल यांना त्या उत्तरावर प्रतिक्रिया द्यावीच लागते. काही संवादांत दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, वाक्यं अर्धी राहतात, त्याचं कारण हेच.

तोटा नाही असं मात्र म्हणणार नाही. मधल्या भागात दोन-तीन संभाषणं सुटी पडतात; लिहून काढली असती तर अधिक नेटकी झाली असती असं वाटतं. पण मग प्रवासात दोन माणसं जशी मध्येच गप्प होतात, तशी ती झाली नसती.

संकलन कसं केलं असेल?

कष्टाने. संकलक कॉलिन गूडी आणि त्याचा सहायक दौऱ्यावर बरोबरच होते. रोज रात्री दिवसभराचं चित्रीकरण मेमरी कार्डांवरून उतरवून घ्यायचं आणि ती कार्डं दुसऱ्या दिवसासाठी मोकळी करायची. युनिट बाहेर पडलं की हॉटेलात आदल्या दिवसाचं संकलन चालू. त्यामुळे पदरात काय आलं आणि काय राहिलं, हे गाव सोडायच्या आत कळत होतं.

इंग्लंडला परतल्यावर हातात १०० तासांहून जास्त चित्रीकरण होतं. शंभर तास म्हणजे एकाच प्रसंगाचे वीस-वीस टेक, असं इथे नव्हतं. नट दर वेळी वेगळं बोलले होते, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक मिनिट स्वतंत्र. पहिली जुळणी चार तासांवर गेली. तिथून ९४ मिनिटांवर यायला आठ महिने लागले. या सिनेमाची पटकथा खऱ्या अर्थाने संकलनाच्या टेबलावर लिहिली गेली, आणि गूडीचं नाव एडवर्ड्सच्या तुलनेत फार कमी घेतलं जातं याचं मला वाईट वाटतं.

प्राणी आणि बाकीचे इफेक्ट्स एकट्याने कसे केले?

एडवर्ड्स या सिनेमाआधी बीबीसीच्या कार्यक्रमांसाठी व्हिज्युअल इफेक्ट्स करत होता. हूण राजा अटिलावरच्या बीबीसीच्या माहितीनाट्याचं दिग्दर्शन आणि इफेक्ट्स दोन्ही त्याने सांभाळले होते. म्हणजे कौशल्य हातात होतं, अनेक वर्षांचं होतं. ‘बेडरूममध्ये बसून केलं’ हे वाक्य ऐकताना हा भाग विसरला जातो.

‘मॉन्स्टर्स’मध्ये इफेक्ट्सचे सुमारे २५० शॉट आहेत आणि त्यासाठी त्याच्याकडे पाच महिने होते. सॉफ्टवेअर दुकानात मिळणारंच: अडोबीची साधनं, शिल्पासारखं मॉडेल घडवायला झीब्रश, त्रिमितीय कामासाठी ऑटोडेस्क थ्रीडीएस मॅक्स. रोज साधारण दोन शॉट व्हायचे. फलक बदलणं, हेलिकॉप्टर टाकणं, इमारतीला भगदाड पाडणं, नदीकाठी मोडकं वाहन ठेवणं, क्षितिजावर भिंत उभी करणं, हे सगळं या वेगात झालं. मग पहिला प्राण्याचा शॉट आला आणि दोन महिने गेले तरी एकही प्राणी पूर्ण होईना. सगळ्या कामात तोच भाग सर्वांत अवघड ठरला.

या हिशेबातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. प्रेक्षकाला जग बदललं आहे हे पटवायला फलक, कुंपण, दूरवरचा धूर एवढं पुरतं आणि ते स्वस्तात होतं. प्राणी महाग असतो. म्हणून तो जपून वापरायचा, अंधारात, पाण्यात, धुक्यात, अर्धाच दाखवायचा. रात्री नदीतून बोट जात असते आणि बुडालेलं लढाऊ विमान पाण्याखालून कुणीतरी ओढत नेतं, त्या प्रसंगात प्राणी किती दिसतो ते नीट पाहा. जवळजवळ नाहीच. तरी बोटीतल्यांबरोबर आपलाही श्वास अडकतो.

हे प्राणी नेमके आहेत तरी कसे?

महाकाय, अनेक पायांचे, सोंडांसारखे लांब अवयव असलेले, ऑक्टोपस आणि कोळी यांची आठवण करून देणारे. पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे वावरतात. त्यांचं आयुष्य जंगलात झाडांच्या बुंध्यांवर सुरू होतं. तिथे बुरशीसारखे कोष चिकटलेले असतात आणि स्पर्श झाला की उजळतात. वाटाड्या सॅमला ते दाखवतो. मला हा सिनेमातला सर्वांत सुंदर प्रसंग वाटतो, कारण तिथवर ‘संक्रमित’ हा शब्द ऐकून आपण काहीतरी सडलेलं, किळसवाणं पाहायच्या तयारीत असतो आणि समोर येतो तो नव्या जीवाच्या वाढीचा साधा टप्पा.

विज्ञान कितपत पटण्यासारखं आहे?

सुरुवातीची कल्पना आश्चर्यकारकरीत्या भक्कम आहे. परक्या ग्रहांवरून नमुने आणताना काही जीव बरोबर आले तर काय, हा प्रश्न अंतराळ संस्था खरोखरच गंभीरपणे घेतात. १९६७ च्या बाह्य अवकाश करारात पृथ्वीवर घातक प्रदूषण येऊ न देण्याची जबाबदारी देशांवर टाकलेली आहे. १९६९ मध्ये अपोलो ११ चे अंतराळवीर चंद्रावरून परतल्यावर त्यांना विलगीकरणात ठेवलं होतं; चंद्र सोडल्यापासून २१ दिवसांची ती मुदत होती.

नमुने घेऊन आलेलं यान कोसळणं हेही घडलेलं आहे. नासाच्या ‘जेनेसिस’ मोहिमेने सौरवाऱ्याचे, म्हणजे सूर्यातून बाहेर वाहणारे, कण गोळा केले होते. ८ सप्टेंबर २००४ ला त्याची कुपी युटाच्या वाळवंटात उतरायची होती, पण पॅराशूट उघडलं नाही आणि ती ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेगाने जमिनीवर आदळली. वेग झपाट्याने कमी होतोय हे ओळखून पॅराशूट उघडायला सांगणारे संवेदक उलटे बसवले गेले होते. सौरवाऱ्यातून कसलाही जीव येण्याचा धोका नव्हता, आणि शास्त्रज्ञांनी तुटक्या तुकड्यांतूनही उपयोगी नमुने वाचवले. तरीही, ‘नासाकडून असं कसं होईल’ असं म्हणणाऱ्यांसाठी हे उदाहरण पुरे आहे.

प्राण्यांच्या आकाराचं मात्र समर्थन करता येत नाही. प्राण्याची उंची दहापट झाली तर त्याचं वजन हजारपट होतं, पण पायांचा छेद शंभरपटच वाढतो. म्हणजे पायाच्या प्रत्येक भागावर दहापट भार येतो. म्हणूनच निळा देवमासा एवढा वाढू शकतो, कारण त्याला पाणी उचलून धरतं. जमिनीवर तो स्वतःच्या वजनाखालीच चिरडला जाईल. सिनेमातले जीव पाण्याशी जोडलेले ठेवले आहेत हे बरं केलं, पण जमिनीवर चालणारे एवढे उंच आणि मऊ अंगाचे प्राणी हे काव्य आहे, विज्ञान नव्हे. मला ते चालतं.

ही मेक्सिको-अमेरिका सीमेवरची टीका आहे का?

सिनेमा तसं कुठे म्हणत नाही, पण पाहणाऱ्याला ते न दिसणं अशक्य आहे. अमेरिकेने सीमेवर शेकडो मैलांचं कुंपण घालण्याचा कायदा २००६ मध्ये केला. २०१० च्या या सिनेमात सीमेवर अवाढव्य भिंत आहे आणि दोन अमेरिकी माणसं कागदपत्रांविना, दलालाला पैसे देऊन, नदी आणि जंगल ओलांडत आपल्याच देशात शिरू पाहतात. रोज हजारो लोक जी वाट जिवावर उदार होऊन चालतात, ती वाट गोऱ्या, सुस्थितीतल्या नायक-नायिकेला चालायला लावणं हेच पुरेसं बोलकं आहे.

दुसरा धागा युद्धाचा आहे. आकाशातून विमानं येतात, बॉम्ब टाकतात, रासायनिक हल्ला करतात, आणि खाली राहणाऱ्यांना प्राण्यांइतकंच त्या विमानांचं भय वाटतं. एके ठिकाणी स्थानिक माणसं सांगतातच की विमानं आली की प्राणी चवताळतात, त्यांना डिवचलं नाही तर ते सहसा वाटेला जात नाहीत. कोण कुणामुळे अस्वस्थ झालंय, हा प्रश्न सिनेमा उघडा ठेवतो.

संथ आहे का? कंटाळा येईल का?

संथ आहे. चकमकी आणि स्फोट यांची अपेक्षा ठेवून बसाल तर पहिल्या अर्ध्या तासातच चिडचिड होईल. एखादी प्रवासकथा पाहतोय असं समजून सुरुवात करा, दिवे घालवा, फोन दूर ठेवा. जॉन हॉपकिन्सचं संगीत चांगल्या हेडफोनवर ऐका. दृश्यात काहीच घडत नसताना ते मनात बरंच काही घडवतं.

मुलांना दाखवावा का?

रक्तपात जवळजवळ नाही. शिव्या आहेत, दारू आहे आणि मृतदेहांचा एक प्रसंग जड जातो. तेरा-चौदा वर्षांपुढच्या मुलांना, शेजारी बसून, जरूर दाखवा.

कौतुक झालं का? दिग्दर्शकाचं पुढे काय झालं?

मार्च २०१० मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला. त्याच वर्षीच्या ब्रिटिश स्वतंत्र चित्रपट पुरस्कारांत एडवर्ड्सला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला आणि तांत्रिक कामगिरीचाही. बाफ्ता या ब्रिटिश चित्रपट पुरस्कारांत पदार्पणासाठी नामांकन होतं. मग ‘गॉडझिला’, २०१६ मध्ये ‘रोग वन’, २०२३ मध्ये ‘द क्रिएटर’, २०२५ मध्ये जुरासिक मालिकेतला सिनेमा.

यातला ‘द क्रिएटर’ इथे महत्त्वाचा. हातात आठ कोटी डॉलर असतानाही एडवर्ड्स सोनीचा एफएक्स३ हा साधा, सहज विकत मिळणारा कॅमेरा घेऊन आशियातल्या खऱ्या जागांवर गेला, आधी चित्रीकरण केलं आणि त्यावर इफेक्ट्स नंतर चढवले. ‘मॉन्स्टर्स’ची पद्धत ही नाइलाजाने काढलेली वाट होती असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे उत्तर आहे. ती त्याची निवड आहे.

आपल्याकडे, मराठीत, अशा पद्धतीने विज्ञानपट करता येईल का?

हा प्रश्न शॉर्टफिल्म करणारी तरुण मंडळी विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

तंत्राच्या बाजूने अडचण उरलेली नाही. २००९-१० मध्ये जे कॅमेरे आणि सॉफ्टवेअर लागलं, त्यापेक्षा चांगलं आज कॉलेजातल्या मुलांच्या हातात आहे. त्रिमितीय कामाचं ब्लेंडर हे सॉफ्टवेअर तर मोफत मिळतं. अडचण गोष्टीच्या निवडीत येते. आपण लगेच हल्ला दाखवायला जातो आणि नेमका तोच भाग सर्वांत महाग व सर्वांत खोटा दिसणारा असतो. हल्ला होऊन गेल्यानंतरची पाच-दहा वर्षं निवडा. तेव्हा एसटी कुठल्या थांब्यापर्यंत जाते? रेशनवर काय मिळतं? शेताच्या कुठल्या बांधापलीकडे कुणी जात नाही? ही उत्तरं नीट शोधलीत तर प्राणी अर्ध्या मिनिटाचा पुरतो.

जागा अशा शोधा ज्या आपणहून बोलतील. बंद पडलेली गिरणी, ओस पडलेलं कोकणातलं घर, उन्हाळ्यात पाणी आटल्यावर धरणातून वर येणारी जुनी गावं. यांचा सेट बांधायचा तर निर्माता पळून जाईल, त्या आहेतच.

आवाजावर पैसे वाचवू नका. चित्र थोडं खडबडीत असलं तर प्रेक्षक सांभाळून घेतो, आवाज वाईट असला तर उठून जातो. संकलकाला पहिल्या दिवसापासून बरोबर न्या.

एका बाबतीत मात्र एडवर्ड्सचं अनुकरण करू नका, ती म्हणजे परवानगी. आपल्याकडे रेल्वेच्या हद्दीत आणि वनखात्याच्या जंगलात चित्रीकरणासाठी परवानगी लागतेच. ज्या गावात जाल तिथल्या लोकांना काय चाललंय ते आधी सांगा, त्यांचा चेहरा वापरणार असाल तर विचारा, आणि कामाचे पैसे द्या. वाटेत भेटलेल्या माणसांच्या भरवशावर सिनेमा उभा करायचा असेल तर त्या माणसांचा मान आधी येतो.

इथून पुढे शेवट उघड होतो. सिनेमा पाहिला नसेल तर इथे थांबा.

कोल्डर फोटोग्राफरच का?

सिनेमाच्या सुरुवातीच्या भागात सॅम त्याला त्याच्या कामाबद्दल टोकते. त्यावर तो तिला ऐकवतो की प्राण्याने मारलेल्या मुलाच्या फोटोला तुझ्या वडिलांची कंपनी ५० हजार डॉलर देते, हसऱ्या मुलाच्या फोटोला काहीच देत नाही. दुसऱ्याच्या जिवावर बेतलेल्या घटनेवर जगणारा हा माणूस आहे आणि त्याला ते कळतं.

पुढे संक्रमित क्षेत्रात ताफ्यावर हल्ला होतो. सकाळी मृतदेहांमध्ये त्याला एक लहान मुलगी दिसते. ज्या फोटोसाठी तो आला होता तो समोर आहे, कॅमेरा जवळ आहे. तो फोटो काढत नाही. तिच्या अंगावर पांघरूण घालतो. सिनेमा इथे एक शब्दही बोलत नाही आणि आधीच्या त्या संवादाची आठवणही करून देत नाही. माझ्या मते सगळ्या सिनेमाचा कणा इथे आहे. जीव वाचवणं इथवर अंतर कापण्याशी जोडलेलं होतं. इथून पुढे, वाचल्यावर आपण कोण असणार, हा प्रश्न त्याला सुटत नाही.

पेट्रोल पंपावर प्राणी त्यांना का मारत नाहीत?

भिंत ओलांडून ते टेक्ससमध्ये येतात तर तिथेही सगळं ओसाड. भिंतीचा उपयोग झालेला नाही. एका पेट्रोल पंपावर ते घरी फोन करतात. तेवढ्यात प्राण्याची सोंड आत येते आणि चालू टीव्हीच्या उजेडाकडे वळते. सॅम टीव्ही बंद करते, सोंड परत जाते. मग बाहेर दुसरा प्राणी येतो, दोघं एकमेकांना स्पर्श करतात, त्यांच्या अंगातून प्रकाश वाहतो. हा मीलनाचा क्षण आहे असं बहुतेक जण मानतात. संवाद म्हटलं तरी बिघडत नाही. सिनेमाभर ज्यांना संसर्ग म्हटलं गेलं त्यांना जोडीदार आहे, ओढ आहे. खाली उभे असलेले दोघं तोंडातून शब्द न काढता बघत राहतात आणि त्यांच्यातही काहीतरी ठरतं. सॅमला घरी जायचं नाही. ज्या घरासाठी एवढी पायपीट केली ते घर नको आहे, हे तिला अगदी दारात पोचल्यावर कळतं.

शेवटी दोघं वाचतात की नाही?

सिनेमाचा पहिला प्रसंग पुन्हा लावा. रात्रीच्या दुर्बिणीतून दिसणारा हिरवट प्रकाश, सैनिकांचा ताफा, एक सैनिक वाग्नरची ‘राइड ऑफ द व्हॅल्किरीज’ ही धून गुणगुणतोय, मग हल्ला आणि एका बाईला उचलून मदतीसाठी ओरडणारा माणूस. काळाच्या क्रमात हा प्रसंग सिनेमाच्या अखेरच्या दृश्यानंतर येतो. पंपावर त्यांना न्यायला जे सैनिक येतात तोच हा ताफा. म्हणजे सॅम बहुधा वाचत नाही, आणि कोल्डरचं काय होतं ते आपल्याला कळत नाही. पहिल्यांदा पाहताना हा प्रसंग नुसती धडाकेबाज सुरुवात वाटून विसरला जातो, म्हणून इतक्या जणांना शेवट गोड वाटतो. प्राण्यांनी त्यांना सोडलं होतं. सैन्याच्या गाड्यांत बसल्यावर आणि बॉम्ब पडू लागल्यावर ते संकटात सापडले, हा क्रम लक्षात घ्या.

दुसऱ्या भागात त्यांचं पुढे काय झालं ते कळतं का?

नाही. २०१४ चा ‘मॉन्स्टर्स: डार्क कॉन्टिनेंट’ टॉम ग्रीनने दिग्दर्शित केला आहे. तो मध्यपूर्वेत गेलेल्या अमेरिकी सैनिकांची गोष्ट सांगतो, पात्रं सगळी नवी आहेत. युद्धपट आवडत असतील तर पाहा. कोल्डर आणि सॅमसाठी तो शोधू नका.